आत्याबाईंची पंखाची पाल

प्रिय आत्याबाई,

"पोरी, या घरात पंखाची पाल हाय, जपून बोल." लग्न होऊन पिंपळवंडीला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही हे म्हणालात. सासू एवढ्या गंभीरपणे सांगतेय म्हटल्यावर मी खरंच आढ्याकडे पाहिलं! आज सकाळी एक फोन आला आणि ते वाक्य आठवलं. शिवाय तुम्हाला एक विचारायचं राहून गेलंय, म्हणून लिहितेय.

साधी पाल चुकचुकली की आपण बोट वाजवून 'खरं आहे' म्हणतो. तुमची पाल उलटी, खोटं ऐकलं की चुकचुकायची. लेण्याद्रीच्या लेण्यांतून उडत आलेली म्हणे. कांद्याच्या पापुद्र्यासारखे पंख, मुक्काम आपल्या कांदाचाळीत. कुणाला दिसत कशी नाही, असं मी विचारलं.

"खरं बोलणाऱ्याला दिसती. म्हणून तर तुझ्या सासऱ्याला अजून दिसली न्हाई."

मामंजी ओसरीवर नुसतेच खाकरले.

नवी नवरी मी, लाजून 'भूक नाही' म्हणायचे. लगेच चुकचुक. तुमची जीभ टाळ्याला लागलेली मला दिसायची, तरी ताटात तिसरी भाकरी पडायचीच. माहेरची आठवण येत नाही म्हणाले, तेव्हा तर किती वेळ चुकचुकत होतात! दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन मला मंचरच्या एसटीत बसवलंत.

आज मुक्ताचा पुण्याहून फोन होता. कॉलेज मस्त चाललंय म्हणाली तुमची नात, आणि माझीच जीभ चुकचुकली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. पलीकडे ती हसली.

"आजीची पाल तुझ्याकडे आली का गं मम्मी?"

आणि हसता हसता रडली. दोन विषय राहिलेत, जेवण जात नाहीये. सगळं सांगून झाल्यावर हलकी झाली. शनिवारी येतेय, पिठलं मागितलंय.

तेव्हापासून माझ्या मनात दवाखानाच घोळतोय. शेवटच्या आठवड्यात मी रोज विचारायचे, दुखतंय का? तुम्ही रोज म्हणायचात, "न्हाई गं, लई बरं वाटतंय." मी मान डोलावून चादर सारखी करायचे. चुकचुकायला हवं होतं ना मी? पण तुमची पाल तुमच्यावरच सोडायचा धीर झाला नाही. आणि तुम्हीही बऱ्या! आमचं एक खोटं कधी खपवून घेतलं नाहीत.

मुक्ताचं 'बरी आहे' ऐकून मी कधी फोन ठेवणार नाही, हा माझा शब्द.

आता मला एकदाच खरं सांगा. फार दुखत होतं का? 'न्हाई गं' म्हणाल, माहीत आहे. तरी सांगा.

तुमची सून,
वैशाली