तुझ्या खेळातली दारं

भिंगरी,

लांब राहणाऱ्या आणि पत्राला उत्तर द्यायचा आळस करणाऱ्या माझ्या एकुलत्या एका नातीला आजीचे आशीर्वाद. (सगळे नाही, थोडे मागे ठेवलेत. समोर येशील तेव्हा देईन.) तब्येत कशी आहे? जेवतेस का? मागच्या फोटोत गळ्याची हाडं दिसत होती, तेव्हा खोटं लिहू नकोस. आम्ही ठीक. माझे गुडघे होते तसेच आहेत, तुझ्या आईची बडबड वाढली आहे, आणि तुझा बाप पुढे दुकानात लाकडांशी बोलतो, मागे घरात कुणाशी नाही. अक्षर लागत नसेल तर दोनदा वाच. चौथीत मास्तरांनी आणि मी एकमेकांना सोडलं, त्याला मी काय करू?

तुम्हा बापलेकीच्या भांडणाबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. त्याने सुतारकामाच्या दुकानाच्या पाटीवर हौसेने ‘आणि कन्या’ रंगवून घेतलं आणि तू संगणकावर खेळांतली घरंदारं बनवायला निघून गेलीस. तो म्हणाला, तुझ्या त्या खोट्या दारांतून कोण आत-बाहेर जाणार आहे. तू म्हणालीस, तुमच्या खऱ्या दारांकडे तरी मान वर करून कोण बघतं. आणि तेव्हापासून फोन आला की बाप तो माझ्या हातात कोंबतो आणि तूही ‘आजीलाच द्या’ म्हणतेस. झालं, लिहिलंच. जाऊ दे. मी तुझ्या खेळाबद्दल लिहायला बसले आहे.

तू पाठवलेलं खेळाचं खोकं तुझ्या बापाने न उघडता माळ्यावर जुन्या पातेल्यांमागे टाकलं होतं. तुझ्या आईने ते काढलं, टीव्हीला वायरी जोडल्या आणि दोन हातांत धरायचं ते यंत्र माझ्याकडे दिलं. (त्याचं काहीतरी नाव आहे. मी त्याला खेकडा म्हणते. दिसतोही तसाच, आणि मार बसला की हातात थरथरतो. पहिल्यांदा थरथरला तेव्हा मी तो सोफ्याखाली फेकला.) तुझी आई म्हणाली, ‘आई, हा तलवारवाला म्हणजे तुम्ही. राजाला राक्षसाने पकडलंय, त्याला सोडवायचंय.’ म्हटलं, राजाकडे पहारेकरी नाहीत का? या वयात मीच का?

तर राजाकडे अजून जाणं झालेलं नाही. वाटेत गाव लागतं ना, तिथेच अडकले. पहिल्याच घरात चुलीवर किटली होती. तिच्या तोंडातून वाफ येत होती, आणि मी तलवारवाल्याला जवळ उभं केलं तर वाफेने त्याच्या मागची खिडकी धूसर झाली! मी तिथे बसूनच राहिले. तुझी आई म्हणाली, इथे काही नाहीये, पुढे चला. काही नाही कसं? गळक्या छपराखाली बादली आहे, थेंब पडला की पाण्यात गोल उठतो. दोरीवर सदरा वाळत घातलाय, त्याचं एक बटण वेगळ्या रंगाचं आहे. म्हणजे त्या घरात कुणीतरी बटण शोधलं, मिळालं नाही, मग मिळालं ते लावलं. एवढं सगळं त्या घरात होऊन गेलंय आणि ही म्हणते काही नाही. तिला नुसता राक्षस दिसला की बरं वाटतं. (तिच्या माहेरचे सगळे असेच घाईचे.)

पायरीवर एक म्हातारी बसलेली आहे. चष्मा काढते, पदराने पुसते, उजेडाकडे धरून बघते आणि अधिकच मळल्यासारखं तोंड करून पुन्हा घालते. ती मी आहे का गं? असेन तर नाक जरा आवरायला हवं होतंस. आणि तिला एवढ्या उन्हात बसवलंस, जवळ प्यायला पाणी नको? पुढच्या वेळी तांब्या ठेव.

आता माझी फजिती सांगते. मला उघडं दार टाकून जाता येत नाही, तुला माहीत आहे. तुमच्या खेळात सगळे दारं उघडी टाकून धावत सुटतात म्हणे. मी प्रत्येक घरातून निघताना मागे वळून दार लावते. तुझी आई डोक्याला हात लावते. एकदा राक्षसाचा कुत्रा मागे लागला. (कुत्रा म्हणजे म्हशीएवढा, दात वेगळेच.) तुझी आई ओरडतेय, ‘आई, पळा!’ पळतेय, पण त्या लोकांनी आपल्याला घरात घेतलं आणि त्यांचं दार सताड टाकून जायचं? मी वळले, दार ओढलं, कुत्र्याने मला धरलं. मेले. पण दार लागलं.

आणि लावल्यावरच कळलं की तू दारांच्या मागेसुद्धा काम करून ठेवलं आहेस. एका दारामागे खुंटीला लहान पोराचा कोट, बाही उलटी. दुसऱ्या दारामागे कडीच्या आजूबाजूला हात लागून लागून काळं पडलेलं. आणि नदीकाठच्या घराचं ते जड दार लावलं तर जमिनीला घासलं, खरखरलं, आणि खाली फरशीवर पाहिलं तर घासून घासून उमटलेली अर्धगोल रेघ. आपल्या घरातून दुकानात जायच्या दाराखाली आहे तशीच. मी बघितलं हो सगळं. तू रात्रंदिवस खपून केलेलं कुणी बघत नाही असं मनात आणत असशील, तर काढून टाक. या घरात बघितलं गेलं आहे.

मला काही गहिवर वगैरे आलेला नाही. काम नीट केलं असेल तर नीट म्हणावं, एवढंच. वेळेवर जेव. केस कापू नकोस.

तुझी,
आजी

ता. क. नदीकाठच्या दाराचं मी थोडं खोटं लिहिलं. रेघ मला दिसली नव्हती, माझ्या डोळ्यांचं तुला माहीतच आहे. तुझा बाप टीव्हीकडे पाठ करून चहा पीत होता. (तो रोज तिथेच बसतो, रोज पाठ करून. घरात दुसरी खुर्ची नसल्यासारखा.) दार खरखरलं तसा गर्रकन वळला. म्हणाला, ‘पुन्हा उघड.’ मी उघडलं. ‘लाव.’ लावलं. असं किती वेळ चाललं होतं विचारू नकोस, चहावर साय धरली. मग गुडघ्यांवर टीव्हीपुढे बसला आणि रेघेवर बोट ठेवून म्हणाला, ‘हे आपलं दार आहे.’ उठून गेला आणि दुकानाचं दार उघडलं, लावलं. आवाज तोच. तेव्हा मला आठवलं, मागे आली होतीस तेव्हा तू त्या दाराशी फोन धरून गुपचूप उभी राहायचीस. तू दाराचा आवाज भरून घेत होतीस, आणि मला वाटलं कुणा मुलाशी बोलतेस. मी तुझ्या आईला खुणा करत होते!

आणखी एक. ते दार तासायचं म्हणून तो कित्येक वर्षं म्हणतोय ना? परवा रंधा घेऊन गेला, दाराशी उभा राहिला आणि तसाच परत आला. हल्ली दुपारी मला डुलकी लागली असं समजून तो खेकडा घेऊन बसतो. राजाकडे तोही जात नाही. गावातल्या चौकटी बघत हिंडतो आणि पुटपुटतो. देवळासमोरच्या घराच्या खिडकीचा सांधा तू चुकवला आहेस म्हणे, असा सांधा दोन पावसाळ्यांत उघडतो. हे तुला सांगायला तो तडफडतोय आणि सांगणार नाही.

आणि शेवटचं, ज्यासाठी एवढं लिहिलं. रविवारी दुपारी फोन कर. मी उचलीन, आणि मला काही ऐकू येत नाही म्हणून त्याच्या हातात देईन. (कान ठणठणीत आहेत, काळजी नको.) तू सरळ खिडकीच्या सांध्याचं विचार. तो रागावून सांगेल. सगळं ऐकून घेऊ नकोस, मधे जरा उलटं बोल, नाहीतर त्याला संशय येईल. फक्त सुरुवातीला तो बराच वेळ बोलणार नाही, नुसता घसा खाकरेल. फोन ठेवू नकोस.