एलिट्नी प्लॉट

प्रिय ग्लेब,

बाबा गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण आटोपून तू नोवोसिबिर्स्कला परतलास आणि मी त्यांच्या कपाटापाशीच अडले आहे. गव्हाच्या ओंब्यांच्या पुड्या निघताहेत, प्रत्येकीवर साल आणि ‘एलिट्नी’. केंद्र बंद पडेपर्यंत ते जिथे काम करायचे, त्या बीजकेंद्राच्या शेतात ते आपल्याला सांगायचे, आठवतं? “शंभरातली एक ओंबी निवडायची, तिचं बी पेरायचं, पुन्हा निवडायचं. मग म्हणायचं एलिट्नी. म्हणजे अस्सल.”

मी वर्तमानपत्रात मुद्रितशोधक म्हणून लागले तेव्हा हा शब्द शेतीच्या पानावरच दिसे. नव्वदीनंतर तो जाहिरातींत शिरला. एलिट्नी सोफे, एलिट्नी वोदका, एलिट्नी कवळ्यासुद्धा. मी खोडत राहायची. शेवटी संपादक म्हणाले, “रिम्मा येफिमोव्हना, तुमचा शब्दकोश घरी ठेवा. आता एलिट्नी म्हणजे महागडं.” पुढे बातम्यांतही तो तसाच येऊ लागला आणि मी खोडणं सोडलं.

मार्चमध्ये एका सकाळी बाबांनी आमच्या अंकात मथळा वाचला, ‘बीजकेंद्राच्या जमिनीवर एलिट्नी प्लॉट’. मला कचेरीत फोन केला, “पोरी, अस्सल बियाण्याचे प्लॉट! केंद्र पुन्हा सुरू होतंय.” मी कामात होते. संध्याकाळी बोलू म्हणून फोन ठेवला. ते चार पुड्या पिशवीत घालून बसने निघाले. तिथला रखवालदार म्हणाला, “आजोबा, गहू कसला? बड्या लोकांचे बंगले व्हायचेत इथे.” बाबा बराच वेळ त्याला एलिट्नीचा अर्थ समजावत बसले म्हणे. त्यात परतीची बस चुकली. वितळत्या बर्फाच्या चिखलातून सात किलोमीटर चालत आले आणि तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया होऊन त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं.

त्या जेवणाला तू सगळ्यांदेखत म्हणालास, “शेवटी म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं.” मी वाढत राहिले. ग्लेब, त्यांचं डोकं शाबूत होतं. तो मथळा मी लिहिला होता; हल्ली मुद्रितं तपासता तपासता मथळेही मीच देते. दोन्ही अर्थ मला ठाऊक होते. बाबा वाचतील हेही मनात आलं होतं, पण पान छपाईला जायचं होतं. हॉस्पिटलात त्यांनी विचारलं, “मथळा कुणी दिला गं?” मी म्हणाले, “नवीन मुलगी आहे एक.”  ते म्हणाले, “तिला नीट समजावून सांग. रागावू नकोस हं तिच्यावर.” हे तुला सांगितल्याशिवाय मला राहवेना.

तुझीच अपराधी ताई,
रिम्मा