खुंटीवर उरलेला कोट

३ नोव्हेंबर
शहरात पोचलो एकदाचा, आणि आल्या आल्या नोकरी! तळघरातला रात्रीचा क्लब आहे. काळे कपडे, काळी नखं, काळे ओठ करून माणसं येतात आणि गिटारींच्या खणखणाटात उभ्या उभ्या डुलतात. घरात कुणी मेलं नसताना सुतकी तोंड करायचं, वर त्याचं तिकीट काढायचं! पोट भरलेल्यांची थेरं. माझं काम दाराशी. कोट घ्यायचा, खुंटीला टांगायचा, बिल्ला द्यायचा. सातवी नापासालाही जमतं. धाकट्या भावाला कळवलं, ये, तुझीही सोय लावतो.

७ नोव्हेंबर
दरवान म्हातारा आहे. त्याला सगळे काका म्हणतात. रोज सगळे गेल्यावरही एक लांब काळा कोट खुंटीवर उरतो. मग काका रिकाम्या हॉलकडे तोंड करून ओरडतो, कोट कुणाचा? उत्तर कोण देणार, भिंती? एक दिवा चालू ठेवून तो कुलूप लावतो. मला म्हणाला, ज्याचा कपडा खुंटीवर, तो माणूस आत. कोट कुणी अंगात घालायचा नाही. म्हाताऱ्याचा स्क्रू ढिला आहे.

१२ नोव्हेंबर
धाकटा आला. आईनं विणलेल्या निळ्या स्वेटरात कुडकुडत होता बावळट. काका आज रजेवर. धाकट्याला कामावर नेलं, स्वेटर काढून खुंटीला टांगायला लावला आणि तो काळा कोट त्याच्या अंगावर चढवला. गाढव एकदम साहेब दिसला! हाकबिक मारली नाही. स्वेटर तिथंच राहिला. राहू दे.

१४ नोव्हेंबर
धाकटा जेवत नाही. कोट काढत नाही, झोपतानाही नाही. मला अहो म्हणतो. दोन दिवसांत त्या काळतोंड्यांची हवा लागली म्हणायची.

१५ नोव्हेंबर
काका आला. स्वेटर बघून विचारलं, काळा कोट कुठाय? मी खरं ते सांगितलं. शिव्या घालेल वाटलं, पण हळूच बोलला, "आतला बाहेर आला, तुझ्या भावाच्या अंगात शिरून. तुझा भाऊ आत राहिला."
हसलो मी. जरा जास्तच जोरात हसलो.

१६ नोव्हेंबर
खोलीवर विचारलं धाकट्याला, आई तुला काय हाक मारते, सांग. तो आरशासमोर ओठ काळे करत होता. मान न वळवता म्हणाला, "कुठली आई?"

१७ नोव्हेंबर
खोली रिकामी. कोट घालून गेला तो.
दुपारी क्लबात. हॉलमध्ये कुणी नाही. ओरडलो, स्वेटर कुणाचा? माझी मलाच लाज — मग आतून —
"दादा, माझा. लवकर ये, थंडी वाजते."
कोपरान् कोपरा शोधला. कुणी नाही. आवाज तेवढा —

१८ नोव्हेंबर
काका म्हणतो, वाट एकच. त्याचा स्वेटर कुणीतरी अंगात घालायचा, आपला कपडा खुंटीवर ठेवायचा. घालणारा आत, तो बाहेर. काका म्हातारा. दुसरं आहे कोण.
माझं जाकीट टांगलं. मोठा शहाणा, काळतोंड्यांना हसणारा —
धाकट्या, काकाला दिवा चालू ठेवायला सांग. माझं जाकीट कुणाला घालू देऊ नकोस. आईला —
एक बाही घातली. लोकर गरम आहे, आत्ताच कुणी काढल्यासारखी. दुसरी —

दादा, मी बाहेर आलो. तू कुठं आहेस? आणि हे हात तुझे कसे —