तुमच्या जीपची बग्गी केली, त्याबद्दल

बाबा,

जीप आता राहिलेली नाही. म्हणजे चासी तीच आहे, अ‍ॅक्सल तेच आहेत, चारही चाकांना जोर द्यायचा तो आखूड दांडासुद्धा तुमच्या हाताने गुळगुळीत झालेला तसाच आहे. पण तुम्ही आज धायरीच्या घरी आलात आणि शेडमध्ये डोकावलात, तर विचाराल, हे काय उभं करून ठेवलंय इथे. दारं नाहीत, टप नाही, पुढची काच नाही. लोखंडी पाइपांचा एक पिंजरा, त्यात दोन सीटा, आणि खाली ट्रॅक्टरला शोभतील अशी चाकं. याला ऑफ-रोड बग्गी म्हणतात. दगडधोंड्यांतून, ओढ्यातून, चिखलातून चालवायची गाडी. रस्त्यावर ती न्यायची नसते. ही मी केली, तुमच्या जीपमधून. तुमच्या मुलाने अडवलं नाही आणि भरही दिली नाही, त्यामुळे त्याच्यावर काही ढकलता येत नाही.

तुमच्या घरी मी सून म्हणून आले तेव्हा मला सायकलच्या पुढचं काही चालवता येत नव्हतं. माहेर कसबा पेठेत, आणि आमच्या बोळातून सायकलसुद्धा हातात धरून न्यावी लागायची. ते दिवस नव्या मोटारींचे होते. तुमच्याबरोबर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले सगळे कर्ज काढून छोट्या चकचकीत गाड्या घेत होते, आणि तुम्ही लिलावातून लष्कराची जुनी हिरवी जीप घेऊन आलात. तुमच्या मुलाने तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “लिटरला किती जाते?” तुम्ही म्हणालात, “तुझ्याइतकं खात नाही.” मग एका रविवारी सकाळी चहा पिताना तुम्ही कप खाली ठेवलात आणि माझ्याकडे बघून म्हणालात, “तुला शिकायचीय का?” आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हे मला आता आठवतं. तेव्हा मी फक्त तुमच्याकडे बघत होते.

मला अजून दिसतं, टेकडीच्या पायथ्याची ती मोकळी जागा, जिथे आता सोसायटीचं गेट आणि वॉचमनची केबिन आहे, तिथे आपण जातो आहोत. मी गिअर टाकताना खाली बघते आणि तुम्ही म्हणता, “खाली काय बघतेस? तो पळून जाणार नाही कुठे.” चढावर गाडी बंद पडते. तुम्ही खिडकीबाहेर बघत बसता, जणू काही झालंच नाही, आणि मी पुन्हा चालू केल्यावर शांतपणे सांगता, “क्लचला लाथ मारायची नसते. तो आपल्याच बाजूचा आहे.” घरी आल्यावर आईंचे पोहे तयार असायचे. ओट्यावर बसून तुम्ही मला परत पहिल्यापासून सगळं सांगायचात, हवेत हात फिरवत, पहिला असा, दुसरा असा. पुढे नातेवाइकांत तुम्ही सांगायचात की आमच्या घरात जीप दोघांनाच येते. ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

नंतर मी कॉम्प्युटरचा कोर्स केला, हिंजवडीला नोकरी लागली, कंपनीची बस फाट्यावर यायची. तुम्ही आजारी पडलात. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझ्याकडे एकच गोष्ट मागितलीत. “गाडी चालू ठेव. उभी राहिली की संपते ती.” मी हो म्हटलं. काही रविवार मी ती खरंच चालू केली, टेकडीपर्यंत नेऊन आणली. मग एक प्रोजेक्ट आला, त्याच्यामागे दुसरा. सुट्टीच्या दिवशी झोप हवी असायची. टायर बसले, बॅटरी गेली, शेडचा पत्रा गळायला लागला आणि ते पाणी नेमकं जीपवर पडायचं. रोज सकाळी बस गाठताना मी शेडवरून जायचे आणि मान दुसरीकडे वळवायचे.

ऑफिसातल्या काही मुलांनी एकदा मला मावळात त्यांच्या गाड्यांच्या खेळाला नेलं. एका ओढ्यात, दगडांवरून, जुन्या जीपा चढत होत्या. अंगावर काही नव्हतं त्यांच्या, नुसता सांगाडा आणि पाइप. एक चाक हवेत, दुसरं खडकावर, आणि तरी पुढे. माझी चाळिशी उलटली होती. इतक्या वर्षांत मला काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं. घरी येऊन मी शेडमध्ये गेले आणि बॉनेट उघडलं.

धायरी फाट्यावरच्या वेल्डरला बोलावलं. त्याने खालून वरून बघितलं, पत्र्यावर बोटांनी ठोकलं. “ठिगळं मारून हुईल की ताई. चांगली गाडी हाय. जीपच ठेवा.” मी म्हटलं, नको, कापायचीच आहे. त्या वर्षी तुमच्या मुलाची कंपनी बंद पडली होती आणि घराचे हप्ते माझ्या पगारातून जात होते, म्हणून सगळं जुनंच गोळा केलं. पाइप एका पडलेल्या शेडचे, स्प्रिंगा भंगारातल्या, सीटा अपघातात गेलेल्या एका मोटारीतून काढलेल्या. त्यांना पुढेमागे सरकवायच्या पट्ट्या नव्हत्या. “कुठं पक्की करू?” वेल्डरने विचारलं. मी सीटवर बसले, क्लच पूर्ण दाबून पाहिला, थोडी मागे सरकले, पुन्हा दाबला, आणि म्हटलं, “इथे.” त्याने खडूने खूण केली आणि सीट तिथेच वेल्ड करून टाकली.

कापायच्या आधी तुमच्या मुलाने एवढंच विचारलं होतं, “आईला विचारलंस का?” मी म्हटलं, “त्यात आईंना काय विचारायचं? त्या कधी बसल्यात का तिच्यात?” ज्या शनिवारी गॅस कटर लावला, त्या दिवशी आई नाकाला पदर लावून पायरीवर आल्या. जुना रंग जळल्याचा वास सगळ्या अंगणात भरला होता. जरा वेळ बघून त्यांनी विचारलं, “हे परत जोडता येतं का?”

“नाही हो आई. आता बग्गी होणार तिची.”

“बग्गी? वरात कुणाची काढताय?”

मी हसले. हा विनोद मी सोमवारी ऑफिसातही सांगितला. हिरवा पत्रा भंगारवाल्याच्या हातगाडीवरून गेला, तेव्हा मी फाटकाशी उभी होते आणि मला हलकं वाटत होतं. आता वाटतं, त्या दिवशी आईंच्या तोंडाकडे एकदा नीट बघायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात मला ताप आला म्हणून मी घरी होते. इतक्या वर्षांत कामाच्या दिवशी दुपारी मी घरात कधी नव्हतेच. चहाच्या वेळी आई कप घेऊन बाहेर गेल्या. खिडकीतून दिसलं, शेडपाशी थांबल्या, उघड्या चासीकडे बघितलं आणि तसाच भरलेला कप घेऊन परत आल्या. मी विचारलं, काय झालं. म्हणाल्या, “काही नाही. सवय. मी रोज तिकडेच पिते चहा.”

“शेडमध्ये?”

“गाडीत.”

मला वाटलं मला कळलं. मी फार हळुवार आवाजात विचारलं, “बाबांची आठवण म्हणून?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या मापात मारणाऱ्या भाजीवाल्याकडे बघतात. “आठवणीला गाडी कशाला लागते? फोटो आहे की भिंतीवर. मी स्टिअरिंगवर बसायचे. गिअर टाकायचे.”

आणि मग त्यांनी कप खाली ठेवून हवेत हात फिरवून दाखवलं. पहिला, दुसरा, तिसरा, परत दुसरा. अगदी तुमच्यासारखं, बाबा. मनगट वळवायची तीच पद्धत. तुम्ही ओट्यावर बसून मला सांगत होतात तेव्हा आत पोहे परतता परतता त्यांनी सगळं ऐकलं होतं. तुम्ही गेल्यावर घर दुपारी रिकामं असायचं. त्या जाऊन बसायच्या, क्लच दाबायच्या, गिअर बदलायच्या, बंद गाडीत, रोज.

“मग आधी कधी विचारलं का नाहीत?” मी म्हटलं.

“कुणाला विचारायचं? त्यांनी तुला विचारलं, शिकायचीय का. मला विचारलं, पोहे झाले का.”

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. पावसाचं सांगावं तसं सांगितलं. तुम्हाला हे माहीत होतं का, मला कळत नाही. नसावं. माहीत असतं तर तुम्ही त्यांना नाही म्हटलं नसतं, एवढं मी तुम्हाला ओळखते. पण तुमच्यावर ढकलून मी मोकळी होत नाही. तुम्ही गेल्यानंतरही कित्येक वर्षं मी त्यांच्या समोर बसून जेवले, आणि ती गाडी माझ्या डोक्यात फक्त तुमची आणि माझी होती. सामान विकण्याआधी घरातल्या माणसाला विचारतात. मी चालत्या हाताखालची गाडी काढून घेतली आणि वर विनोद ऑफिसात सांगितला.

मी म्हटलं, “मी शिकवते तुम्हाला. बग्गी पुरी होऊ दे.” त्या “बघू” म्हणाल्या. पण त्या दिवसापासून त्या शनिवारी शेडमध्ये खुर्ची टाकून बसायला लागल्या. वेल्डरला विचारायच्या, हा दांडा कशाचा, ते पुढचं चाक वळतं ते कसं. त्याच्यासाठी चहा ठेवायच्या, आणि त्याने पाइप वाकडा लावला तर मला हाक मारून दाखवायच्या. मला ते दिवस आवडायला लागले. वाटलं, जे झालं ते काही इतकं वाईट नाही, यातूनच काही चांगलं निघेल.

बग्गी पुरी झाली त्या सकाळी आई साडी खोचून आणि पायात मुलाचे कॅनव्हासचे बूट घालून बाहेर आल्या. बुटांच्या पुढे कापूस भरला होता. दार नाहीच, पाइप ओलांडून आत जायचं, म्हणून तुमच्या मुलाने स्टूल आणलं, एका हाताला त्याने धरलं, एका हाताला मी. त्या बसल्या. पदर नीट केला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. आणि पाय क्लचपर्यंत पोचेना.

त्या पुढे सरकल्या, इतक्या की पाठ सीटपासून सुटली. बोटं टेकली, पण दाबलं जाईना. मी घरातून उशी आणून पाठीमागे लावली. अर्धा क्लच दाबला की उशी घसरायची. जीपमध्ये तुम्ही बुटके म्हणून सीट पार पुढे होती, तिथे त्यांचा पाय बरोबर पोचत असणार.

“पुढे घे की सीट,” त्या म्हणाल्या.

“होत नाही आई. वेल्ड केलीय.”

“असं.”

मग त्या तशाच बसून राहिल्या. एकदा गिअरचा दांडा हलवून बघितला. समोर काच नव्हती, त्यातून त्या अंगणाकडे, फाटकाकडे बघत होत्या. “चांगली झालीय,” म्हणाल्या. “तुझ्या मापाची झालीय.” आणि हात पुढे केला, उतरवा म्हणून. मी म्हटलं, पुढच्याच आठवड्यात वेल्डरला बोलावते, सीट पुढे घेते. “सावकाश कर,” त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात मावळात खेळ होता. टेम्पोवर चढवून बग्गी नेली. पहिल्याच ओढ्यात मी अडकले, दोर बांधून मला बाहेर काढलं, बघायला आलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. केसांपर्यंत चिखल घेऊन घरी आले, आणि खरं सांगते, लग्नानंतर इतकी आनंदात मी कधी नव्हते. मग दुसरा खेळ, तिसरा. त्यात मी वर चढायला शिकले. मधे एकदा आईंनी जेवताना विचारलं, “सीटचं काय झालं गं?” मी म्हटलं, “या शनिवारी.” त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यात त्या न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरतात, आणि दुपारचा चहा खोलीतच खिडकीशी बसून पितात. त्या खिडकीतून शेड दिसत नाही. साऱ्या जगाला टोमणे मारणाऱ्या या बाईने मला यावरून एक शब्द ऐकवलेला नाही.

कुणी विचारलं तर मी सांगते की त्या दिवसांत ऑफिसात फार काम होतं, वेल्डर गावाला गेला होता. दोन्ही खरं आहे. पण ते अर्ध्या दिवसाचं काम होतं, आणि तेवढे अर्धे दिवस माझ्याकडे पुष्कळ होते. सीट वीतभर पुढे घेतली असती तर माझा गुडघा स्टिअरिंगला लागला असता. उतारावर ब्रेक मारताना पाय पुरता ताणला गेला नसता. ती जागा मी स्वतः बसून, पुढेमागे होऊन शोधली होती. मला ती हलवायची नव्हती, बाबा. एवढंच कारण होतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, हे लिहायला बसतानाच ठाऊक होतं. तुमच्याकडून मला उत्तर येणार नाही, म्हणून तर तुम्हाला लिहिलं. ज्यांना सांगायला हवं त्या पलीकडच्या खोलीत जाग्या आहेत, आणि मी अजून इथेच बसले आहे.