भाड्याचा फोन, गावाचा नारळ

२४ नोव्हेंबर

परत झटका आला मनस्वीला. दुपारी, भात भरवत होते तेव्हा. डोळे वर गेले, हात ताठ. तोंडातला घास मी बोटाने काढला, तर चावली. बोट सुजलंय. ती झोपलीये.

मनस्वीचा बाप दिपेश महाप्याला कंपनीची बस चालवतो, गाडीवर असताना फोन उचलत नाय. सासरे देवळाच्या कट्ट्यावर. सासूबाईंनी कांदा फोडून तिच्या नाकाला लावला. रिक्षाने हॉस्पिटलात नेली तोवर पोरगी उठून बिस्कीट मागते!

डॉक्टरीण बाई बोलली, "दर वेळी मी बघते तेव्हा ही चांगलीच असते. पुढच्या वेळी व्हिडिओ काढा. कुठला हात हलतो, डोळे कुठे जातात, मला दिसलं पाहिजे. तोंडात बोट घालू नका, कुशीवर वळवा. नि लगेच मला पाठवा."

माझा फोन बटनाचा आहे. तिला सांगितलं नाय. लाज वाटली.

२६ नोव्हेंबर

तेजसला विचारलं. धाकटा दीर, कॉलेजला जातो, फोनचं सगळं त्यालाच माहीत.

"वहिनी, विकत कशाला घेता? लीजवर घ्या."

"म्हणजे हप्ता?"

"हप्ता नाय ओ. भाडं! महिन्याला भाडं द्यायचं नि वापरायचा. दोन वर्षांनी परत करायचा, नवीन घ्यायचा. आपला होतच नाय तो कधी."

गावात रणजीतच्या दुकानात स्कीम चालू आहे. बायकांना डिपॉझिट माफ. मार्चपर्यंतचं भाडं शेठ भरनार. शेठ म्हणजे गावाला चिकटून ज्याचे टॉवर उभे राहिले, तो. पालिकेला उभा राहतोय.

आबा — सासरे — जेवता जेवता थांबले. "भाड्याचा हाय ना? मंग चावी कोनाकडं?"

तेजस हसला. "आबा, फोनला चावी नसते."

"भाड्याच्या वस्तूला चावी असते. दोन असतात. एक भाडेकरूकडं, एक मालकाकडं. मना नको शिकवू भाडं म्हंजे काय."

घराच्या मागे आमच्या खोल्या आहेत, भाड्याने दिलेल्या. दर निवडणुकीला आबा एकेका दारात जाऊन सांगतात, मत कुठे द्यायचं. "माझ्या खोल्यांतली मतं माझी." हे ते मानाने सांगतात.

तेजस बोलला, "ते हो हो करतात नि पाहिजे तिथे देतात."

"नाय देत! दुसऱ्या दिवशी तोंडावर दिसतं मना."

२७ नोव्हेंबर

फोन घेतला. दिपेश बोलला, "घे. पोरीसाठी आहे ना. शेठ काय घरात राहायला येतोय का?"

रणजीतने माझा फोटो काढला, अंगठा घेतला. बोलला, "वहिनी, शेठला लक्षात ठेवा. शेठला पन सगळं लक्षात राहतं." हसून बोलला. मी हसले नाय.

४ डिसेंबर

फोन चांगला आहे. मनस्वीचे फोटो काढले. सासूबाई आरत्या लावून बसतात.

तेजस बोलला, हे रोजचं फोनमध्ये लिहीत जा, कागद कशाला खराब करता. मी सातवी शिकले, मला कागदच बरा. नि भाड्याच्या घरात कोन मनातलं ठेवतं?

११ डिसेंबर

आला. सकाळी, अंघोळ घालून पावडर लावत होते तेव्हा.

फोन बाजूलाच होता. एका हाताने तिला कुशीवर केली, एका हाताने व्हिडिओ काढला. आईने काय बघावं नि काय करावं! ती हलते नि मी तिला फोनमध्ये बघते. फोनमध्ये बघितलं तर कमी भीती वाटते. हे मी कोनाला सांगनार नाय.

पाठवला. डॉक्टरीण बाईचा लगेच फोन आला! "डावा हात दिसतोय. छान काढलात. घेऊन या."

छान काढलात.

१२ डिसेंबर

डोक्याला तारा लावून तपासलं. औषध दिलं, रोज दोनदा. बाई बोलली, "औषध लागू पडतंय की नाय ते कळायला वेळ लागेल. झटका आला की व्हिडिओ. प्रत्येक वेळी. तो व्हिडिओ नसता तर मी अजून तापातले झटकेच समजत बसले असते."

आबांना रात्री जेवताना सांगितलं. ऐकून घेतलं. मग बोलले, "डबा कामाचा हाय मंग."

फोनला ते डबा बोलतात.

२१ डिसेंबर

आज फोन बंद पडला. म्हणजे चालू होता, पन उघडेना. काळ्या पडद्यावर मोठ्या अक्षरात — भाडं भरा.

पोरीला उचलून तशीच धावत रणजीतकडे. आबा मागोमाग. रणजीतने कोनाला तरी फोन लावला. "हां शेठ… हां, गावातली वहिनी… हां." थोड्या वेळाने फोन उघडला.

रणजीत बोलला, "शेठच्या ऑफिसातून भरायचं राहिलेलं. शेठ बोलले म्हणून झालं बघा."

येताना आबा गल्लीत थांबले नि बोलले, "बघितलास? दुसरी चावी."

२८ डिसेंबर

गावाची बैठक झाली देवळात. एकेका घराचा माणूस. गावातून मधुकर तात्या उभे. गावाची सगळी मतं तात्यांना, असं ठरलं. गावदेवीसमोर नारळ ठेवला नि प्रत्येक घराने त्याला हात लावला. आमच्या घराचा हात आबांचा.

घरी आल्यावर भांडन लागलं! तेजस बोलला, "आबा, माझं मत तुमी कसं काय देऊन आलात? मला विचारलं?"

"घराचं मत दिलंय. तुझा काय वेगळा घर हाय?"

"मी देनारच नाय मत. कोनालाच नाय. गाव कुठे राहिलाय? जमिनी सरकारने घेतल्या, बदल्यात प्लॉट मिळाले ते बिल्डरला दिले. गावात भाडेकरू जास्त, आपन कमी."

आबांनी उजवा हात पुढे केला. कोपराखाली वाकडा आहे. जमिनीच्या आंदोलनात लाठी बसलेली, नीट बसलंच नाय हाड. "ह्या हातानं नारळाला शिवलोय. गाव एक होता म्हनून तू प्लॉट प्लॉट बोलतोस."

"नि तेव्हा ज्या मंत्र्याच्या विरोधात होतात, त्याच्याच हातून हार घालून घेतलात ना नंतर?"

दिपेश मधे पडला. "मला सांगा, मतदानाची सुट्टी पगारी आहे का?"

सासूबाईंना एवढं हसू आलं की आबांना पन थांबावं लागलं.

मला कोनी विचारलं नाय. लग्नानंतर माझं नाव माहेरच्या यादीतून, नावड्याहून, इथे आलं, हे माझं इथलं पहिलं मत.

२९ डिसेंबर

सासूबाईंना विचारलं, नारळाला हात लावून शब्द मोडला तर?

"देवी काय खात नाय. दुपारी देवलात कोन नसतं तवा घरचा नारळ घेऊन जायाचा. फोडायचा नाय. अख्खाच पायाशी ठेवायचा नि माफी मागायची. का गो?"

"असंच."

५ जानेवारी

आबा परसातल्या माडाचे नारळ उतरवून घेत होते. आमच्या नारळाच्या शेंडीला ते निळी दोरी बांधतात, जाळ्याची. म्हणजे कोन उचलून नेला तर कळावं. भाडेकरूंच्या पोरांवर त्यांचा भरवसा नाय.

एक पोरगा खेळत होता तिथे. त्याला शहाळं दिलं नि बोलले, "बापाला सांग, तात्याची निशानी होडी. इसरू नको."

९ जानेवारी

मनस्वीला झटका नाय बरेच दिवस. औषध लागू पडतंय बहुतेक. लिहायला पन भीती वाटते.

१० जानेवारी

शेठची माणसं गल्लीत येऊन गेली. एकजण बोलला, "फोन चांगला चालतो ना वहिनी? कपाटाचं चिन्ह. चालू राहू दे." एवढंच. फोन चालू राहू दे की कपाट, ते सांगितलं नाय.

संध्याकाळी आबा फोनकडे बघत बसलेले. "ह्याला दिसतंय का, मी कुटं बसलोय?"

तेजस बोलला, "हो तर! हसा आबा, शेठ बघतोय."

आबांनी फोन पालथा घातला. मग मला विचारलं, हळू. "हा बंद पडला तर त्या डॉक्टरनीला कसा दाखवनार तू?"

मी बोलले, "बघू."

"बघू म्हंजे?"

मी फोन चार्जिंगला लावला.

१४ जानेवारी

मत गुप्त असतं असं तेजस तीनदा बोलला. पन आबांना आपल्या भाडेकरूंचं कळतं, मग शेठला कळनार नाय?

१५ जानेवारी

दिलं मत.

गावातल्या बायका सगळ्या मिळून गेलो, सासूबाई पुढे. शाळेच्या दारात फोन ठेवून घेतात, पन मी घरीच ठेवून आले. पालथा. उशीखाली.

आत चार जागांची चार बटनं दाबायची होती. तीन कुठली दाबली आठवत नाय. चौथ्यावर होडी नि कपाट खाली-वर. आबांचा वाकडा हात डोळ्यासमोर आला. मग पावडर सांडलेली ती लादी आली. मनस्वीचा डावा हात.

कपाट दाबलं.

मशीन एवढ्या जोरात वाजलं, मला वाटलं बाहेर कळलं सगळ्यांना.

घरी आले तर आबा अजून गेलेच नव्हते. बोलले, रांग कमी झाली की जातो. जेवनाच्या वेळेला एकटेच गेले, येऊन झोपले. जेवले नाय. मला बोलले पन काय नाय. तोंडावर दिसलं असेल.

१६ जानेवारी

शेठ निवडून आला. फटाके, डीजे. मनस्वी घाबरून रडली, कानात बोटं घालून बसली.

गावच्या शाळेतल्या मशीनचं पन कळलं. नारळाला हात लावलेली घरं जेवढी, तेवढी पन मतं नाय पडली तात्यांना. घराला एक धरलं तरी नाय!

आबा आज कट्ट्यावर गेले नाय. सासूबाई बोलल्या, गावाची लाज वाटते त्यांना. मी भांडी घासत होते. घासत राहिले.

१७ जानेवारी

तेजसच्या बोटाला शाई! आज बघितली. चहा देताना.

"भावजी, तुमी तर देनार नव्हता."

"दिलं ओ. चिडवू नका." मग इकडेतिकडे बघून, "तात्यांनाच दिलं. मला तो तात्या आवडत नाय. पन म्हातारा देवीसमोर हात लावून आलाय. घरातल्या बाकी सगळ्यांनी दिलंच असेल म्हना, मी एकट्याने कशाला त्याचं खाली बघायला लावू?"

मी बोलले, "बिस्कीट घ्या."

तो बोलला, "आबांना सांगू नका. भांडन जिंकले म्हनून मिशीत हसतील."

१८ जानेवारी

रणजीतच्या दुकानात गेले, चार्जर नीट लागत नाय म्हणून. सहज विचारल्यासारखं विचारलं. ज्या घराने तात्यांना दिलं असेल, त्यांचा फोन…?

रणजीत हसला. दुकानातलं गिऱ्हाईक पन हसलं.

"काय वहिनी! मत कुठे दिसतं कोनाला? नि लॉक मी करत नाय, शेठ पन नाय. कंपनीचं मशीन करतं, तिकडे बेंगलोरला का कुठे. भाडं आलं नाय की लॉक, आलं की उघडलं. त्यात काय शेठ नि काय तात्या?"

"मग त्या दिवशी तुमी शेठला फोन…"

"भाडं भरा बोलायला केलेला!"

पन तेव्हा असं बोलला नव्हता.

आबांना सांगावं का? काय म्हणून सांगू?

२० जानेवारी

मनस्वी चांगली आहे. दुपारी झोपली तेव्हा सासूबाईंजवळ ठेवून देवळात गेले. घरचा नारळ पदराखाली. कोन नव्हतं.

देवीच्या पायाशी माझा नारळ ठेवायला जागा नव्हती. अख्खे नारळ. उंबऱ्यापर्यंत. एकपन फोडलेला नाय.

कडेला एक होता, शेंडीला निळी दोरी.

मी माझा त्याला लागून ठेवला.