रेघांचा शर्ट

ताई, आधी साष्टांग नमस्कार, मग खुशाल शिव्या दे.

उद्या लिहू, उद्या लिहू म्हणत दोन महिने गेले. नोकरी आहे, निदान आज सकाळपर्यंत तरी होती. प्रयोगशाळेत उंदीर सांभाळतो. तुझ्या डोळ्याच्या नसेला आली तशी सूज त्यांना आणतात आणि निम्म्यांना नवं औषध देतात. कुणाला, ते आम्हाला कळू देत नाहीत.

नजर तपासायला पडद्यावर काळ्यापांढऱ्या रेघा सरकवतात. त्या दिसल्या की उंदीर त्यांच्यामागे मान वळवतो. आज एक उंदीर पडदा सोडून भलतीकडेच मान फिरवत होता. प्रयोग करणाऱ्या आमच्या डॉक्टरबाई चक्रावल्या, मग माझ्यावर ओरडल्या, "अरे शहाण्या, रेघांचा शर्ट घालून येरझाऱ्या काय घालतोस? तो तुलाच बघतोय!"

पण ताई, हा मागच्या महिन्यात ठार आंधळा होता! मी म्हटलं, "मग हे औषध माझ्या ताईला द्या की!"

"ताई काय उंदीर आहे? घरी जा!"

आलो. तू मात्र तुझी औषधं सोडू नकोस. उजव्या डोळ्याने पोरीचं तोंड दिसतं का आता? खरं सांग.

थांब, दार वाजलं. अगं, डॉक्टरबाईच आल्यात! म्हणतात, "ताईचे रिपोर्ट मागव, निदान बघते तरी." लगेच पाठव.

तुझाच,
भटक्या