पान अकरा, रकाना ‘इतर’

४ मार्च

ती. मामांस,

सा. न. नंतरचा मजकूर क्रमांक घालून लिहिते, म्हणजे उत्तर देताना एखादा मुद्दा तुमच्या हातून सटकायला नको.

१. आपल्या मतदारसंघाच्या पन्नास वर्षांच्या इतिहासाची कच्ची प्रत तुम्ही मला पाठवलीत, कारण त्यातले नकाशे मी काढते आहे.

२. पाचव्या निवडणुकीत निवडून आलेले आमदार मुदतीच्या मध्येच वारले. पोटनिवडणूक झाली. ती आईनं जिंकली.

३. पुस्तकात पाचव्या निवडणुकीनंतर थेट सहावी येते.

४. पान अकरावरच्या तक्त्यात आईच्या काळापुढे विजयी उमेदवाराचं नाव नाही. तिची मतं ‘इतर’ या रकान्यात आहेत.

५. सहावी आणि सातवी निवडणूक तुम्ही जिंकलीत. त्यांना प्रत्येकी चार पानं आणि फोटो आहेत.

६. काल प्रकाशनाचं निमंत्रण आलं. आईला पहिल्या रांगेत खुर्ची आहे. पाकिटावर तिची ओळख ‘माजी आमदारांच्या भगिनी’ अशी आहे.

आईनं प्रत स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाचली. पान अकरावर तिचं बोट वरून खाली आलं, परत वर गेलं, परत खाली आलं. मग चष्मा काढून म्हणाली की अक्षर फार बारीक छापलंय. अक्षर बारीक नाही, मामा. आधीची दहा पानं तिनं त्याच चष्म्यानं वाचली होती.

चूक असेल तर दुरुस्त करा. चूक नसेल तर कारण कळवा. मामींना नमस्कार. लोभ आहे, वाढवायचा की नाही ते तुमचं उत्तर वाचून ठरवीन.

आपली,
भाची

९ मार्च

चि. फूटपट्टीस,

अनेक आशीर्वाद, सहाही मुद्द्यांना मिळून. तुझं पत्र वाचताना मी पुन्हा सभागृहात उभा आहे आणि विरोधी बाकावरून प्रश्न येताहेत असं वाटलं. मामी म्हणाली, पोरगी अगदी आईवर गेलीय. मी म्हटलं, आई निदान मधूनमधून हसायची तरी.

कारण साधं आहे. पन्नास वर्षांत हद्द तीनदा बदलली. कुठली धरायची यावर आमच्या संपादक मंडळात इतका काथ्याकूट झाला की शेवटी सगळ्या निवडणुकांना आजचीच हद्द लावायची असं ठरलं. तुझी आई निवडून आली ती रेल्वे यार्डापलीकडच्या वस्तीच्या जोरावर. ती वस्ती पुढच्या फेररचनेत शेजारच्या मतदारसंघात गेली. तेव्हा तिची मतं आपल्या हिशेबात धरता येत नाहीत. तिची निवडणूक शेजाऱ्यांनी त्यांच्या इतिहासात घालावी. रेषा काही मी आखली नव्हती, बाई!

‘भगिनी’ आपुलकीनं लिहिलं. बहीण आहेच ना ती माझी? एवढं मनाला लागलं असेल तर तळटीप टाकू. तिला म्हणावं, गुडघ्याचं औषध बुडवू नकोस. आणि नकाशे धाड लवकर. छापखानेवाला माझा जीव खातोय.

राग आवरून माया राखावी, हे सांगणे.

तुझा,
मामा

१४ मार्च

ती. मामांस,

सा. न. आई औषध बुडवत नाही. तीस वर्षं दवाखान्यात नर्स होती. दुसऱ्यांनाही तिनं बुडवू दिलं नाही.

शेजारच्या मतदारसंघाचाही इतिहास निघतो आहे. मी तिथल्या सचिवांना विचारलं. ते म्हणाले, बाई निवडून आल्या तेव्हा ती वस्ती आमच्यात कुठे होती, त्यांना तुमच्याच पुस्तकात शोधा. अगदी नम्रपणे म्हणाले. म्हणजे तुम्ही तिला तिकडे पाठवता, ते इकडे पाठवतात, आणि आई दोन पुस्तकांच्या मध्ये उभी.

मी नकाशांच्या कचेरीत नोकरी करते. मोजणी ज्या वर्षाची, हद्द त्या वर्षाची, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. आजची हद्द जुन्या मोजणीवर ठेवलेला नकाशा मी साहेबांपुढे नेला असता तर त्यांनी मला बसूही दिलं नसतं. तुम्ही तोच नकाशा पुस्तकात छापायला निघालात आणि काढायला मला सांगितलंत. काढायला घेतला तेव्हाच वस्ती बाहेर पडलेली दिसली.

तुमच्या चार पानांत नसलेली गोष्ट लिहिते. वस्तीचं मतदान केंद्र यार्डाच्या अलीकडे होतं. मालगाडीचे डबे जोडायचे असले की फाटक बंद. कारखान्याची पाळी सुटलेली माणसं फाटकापाशी तिष्ठत राहायची आणि अलीकडे मतदान संपून जायचं. आई उभी राहिली ती एवढ्याच गोष्टीसाठी. त्या दिवशी माणसांनी पाळ्या बदलून घेतल्या आणि उजाडायच्या आत फाटक ओलांडलं. निवडून आल्यावर तिनं केंद्र वस्तीच्या शाळेत आणलं. पुढच्या निवडणुकीआधी अख्खी वस्तीच मतदारसंघाबाहेर काढली गेली. आईचे मतदारच उरले नाहीत, म्हणून ती उभी राहिली नाही. तुम्ही राहिलात. अकराशे मतांनी जिंकलात. वस्तीत चार हजार मतदार होते.

रेषा तुम्ही आखली नाहीत, मान्य. निवडून गेल्यावर त्या रेषेविरुद्ध सभागृहात एक शब्दही बोलला नाहीत, हेही तितकंच खरं. आणि आता त्याच रेषेनं तुम्ही मागची वर्षंही कापता आहात.

तळटीप नको. सोबत नकाशे पाठवते. प्रत्येक निवडणुकीला तिची त्या वेळची हद्द आहे. यातले काही निवडून छापता येणार नाहीत. छापायचे तर सगळे, नाहीतर एकही नाही.

मामींना नमस्कार. रागावले आहे, पण परकी झालेली नाही.

आपली,
भाची

१६ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. लेक तुला काय काय लिहिते ते मला दाखवत नाही, पण टपालात टाकायला जाते तेव्हाचा तिचा चेहरा मला दिसतो. तिला बोलू नकोस. लहानपणी तू माझ्या पाटीवर रेघ मारून म्हणायचास, एवढी तुझी, बाकीची माझी, आणि मी तुझी पेन्सिल मोडून ठेवायचे. हिला पेन्सिल मोडता येत नाही. हिचं पोटच पेन्सिलीवर आहे.

मला पानं नकोत. फोटो तर मुळीच नको, त्या वेळचे माझे केस आठव. पाकिटावर बहीण म्हटलंस त्याचाही राग नाही. बहीण मी आहेच, ते पद कुठल्या फेररचनेत जात नाही.

पण दादा, त्या दिवशी रात्रपाळी करून आलेली माणसं झोपायला न जाता रांगेत उभी राहिली. माझ्या वॉर्डातली आया मुलाला कडेवर घेऊन उभी होती. शाईचं बोट तिनं पुढे आठवडाभर ज्याला त्याला दाखवलं. त्या सगळ्यांना तू ‘इतर’ म्हणालास. मला गाळलंस तर घरातली गोष्ट घरात राहील. त्यांना ‘इतर’ म्हणायचा हक्क तुला कुणी दिला?

वहिनीचा खोकला कसा आहे? तुमची आठवण येते, आणि हल्ली तिच्यासोबत रागही येतो.

तुझी,
धाकटी

२१ मार्च

चि. फूटपट्टीस,

आशीर्वाद. नकाशे पोचले. मंडळापुढे ठेवले. अध्यक्ष म्हणाले, सुंदर आहेत, पण यार्डाचा भाग जरा फिका करता येईल का. मी म्हटलं, विचारतो. तेवढं करून दिलंस तर पान अकराचं माझ्याकडे लागलं, काहीतरी मार्ग काढतो.

तुझ्या आईचं पत्र आलं. मामीनं ते दोनदा वाचलं आणि तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. मी उत्तर लिहायला बसलो होतो. तीन कागद फाडले. पुस्तक बाहेर पडलं की सविस्तर लिहीन म्हणतो. तू तिला तसं सांग.

समजून घ्यावे.

तुझा,
मामा

२४ मार्च

ती. मामांस,

सा. न. यार्ड फिकं होणार नाही.

आईला तुमचा निरोप सांगितला नाही. कागद फाडलेत तेही सांगितलं नाही. रोज टपाल येतं तेव्हा ती दाराशी जाते आणि विजेचं बिल घेऊन आत येते. निमंत्रणाचं पाकीट अजून टेबलावर आहे. जायचं की नाही, ते तिनं ठरवलेलं नाही.

पान अकरावर त्या वर्षापुढे आईचं नाव आणि मतं छापणार आहात की नाही, एवढंच विचारायचं आहे. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही. ‘नाही’ आलं तर माझे नकाशे परत घेईन, आणि पहिल्या रांगेतली ती खुर्ची काढून टाका.

उत्तर मला नको. आईला लिहा, तुमच्या हातानं, गुरुवारपर्यंत तिला मिळेल असं.

आपली,
भाची